ताबोच्या दुखांगात एका वेळी किती जणांना सोडावे?

पायवाट (धागाकर्ता)

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्याच्या सहलींची वर्णने अलीकडे मराठीत भरपूर वाचायला मिळतात. त्यांत की गावच्या गोंपाचे (बौद्ध मठाचे) दुरून टिपलेले छायाचित्र असते, हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून स्वतःलाच धाडलेले पत्र असते, चिचमच्या पुलावरून खाली डोकावणे असते; ताबो गावातल्या बौद्ध विहाराच्या वाट्याला मात्र जेमतेम अर्धा तास येतो. पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने इ. स. ९९६ मध्ये स्थापन केलेला हा विहार ‘हिमालयातले अजिंठा’ म्हणून दाखवला जातो. तसे असेल, तर अजिंठ्याची शिस्तही तिथे लागू करावी, असे माझे मत आहे. आपल्याकडे खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात, पुढे बसनेच जावे लागते, आणि लेण्यांत फ्लॅश चालत नाही.

ताबोला ही शिस्त अधिक गरजेची आहे, कारण अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर असली तरी त्यामागे कातळ आहे. ताबोत भिंतही मातीची, छतही मातीचे आणि मूर्तीही मातीच्याच. मुख्य मंदिराच्या, म्हणजे दुखांगाच्या, भिंतींतून पुढे आलेल्या देवतांच्या मूर्ती आणि मध्यभागी असलेला चतुर्मुख वैरोचन बुद्ध मिळून वज्रधातू मंडल, म्हणजे देवतांची ठरावीक पवित्र मांडणी, साकार होते, म्हणजे पाहणारा मंडलाच्या आतच उभा असतो. मूर्तींच्या खाली एका बाजूला ज्ञानाच्या शोधात गुरूमागून गुरू गाठणाऱ्या सुधनाची यात्रा आणि दुसऱ्या बाजूला बुद्धचरित्र रंगवलेले आहे. छायाचित्रणाला बंदी आहे, ती योग्यच आहे. परंतु श्वासातली वाफ, बुटांची धूळ आणि पाठीवरच्या पिशव्यांचे घासणे या गोष्टींना केवळ पाटी लावून बंदी घालता येत नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा: दुखांगात एका वेळी पंधरा ते वीसच माणसे सोडावीत, सोबत गावातला मार्गदर्शक सक्तीचा असावा, आणि त्याचे शुल्क गोंपाच्या देखभालीसाठी जावे.

देवराई

प्रस्ताव वाचताना असे वाटले की स्पिती हे एक संग्रहालय असून तिथली माणसे त्याची रखवालदार आहेत. ताबो हे नांदते गाव आहे, तिथे भिक्षू राहतात, शिकतात, पूजा करतात; अजिंठ्यात शतकानुशतके कोणी राहत नाही. त्यामुळे या दोन ठिकाणांना एकच नियम लावणे मला पटत नाही. रांगेत पंधरावा क्रमांक पर्यटकाचा आणि सोळावा शेजारच्या गावातून आलेल्या आजीचा असेल, तर तुमचा मार्गदर्शक कोणाला थांबवणार?

दुसरा मुद्दा पोटाचा. स्पितीत परंपरेने घरची शेतजमीन थोरल्या मुलाकडे जाते. आईवडील धाकट्या घरात राहायला जातात आणि धाकटे भाऊ पूर्वी बहुधा गोंपात जात. आज ज्यांना भिक्षू व्हायचे नाही आणि ज्यांच्या नावे शेतही नाही, त्यांच्या हाती गाडी, घरगुती निवास आणि वाटाड्याचे काम हेच उरते. मटार हे तिथले नगदी पीक, पण तेही ज्याचे शेत त्याचेच. पर्यटकांची संख्या कमी करा, असे पुण्यात बसून सांगणे सोपे आहे. त्याची किंमत मात्र स्पितीचे मुख्य ठाणे असलेल्या काझातला धाकटा भाऊ मोजणार आहे.

शिवाय ताबोचे खरे संकट पर्यटक हे नव्हे, तर पाऊस हे आहे. हिमालयाच्या उंच रांगांआड असलेल्या या कोरड्या प्रदेशात मातीची सपाट छपरे हजार वर्षे टिकली ती तिथे पाऊस नगण्य होता म्हणून. आता उन्हाळ्यात जो पाऊस होतो, तो या छपरांना सोसवत नाही. छत गळत असताना दारावर माणसे मोजणे हा मला प्राधान्यक्रमाचा घोळ वाटतो.

उत्तरायण

देवराई यांच्या पावसाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ओल छतातून आली काय किंवा श्वासातून आली काय, रंगाच्या थराला फरक पडत नाही. एक वाट बंद करता येत नाही म्हणून दुसरी उघडी ठेवावी, असे होत नाही.

मला अधिक काळजी सहलींच्या आखणीची वाटते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीकडून लाहौलमार्गे स्पितीत उतरणे फारच सोपे झाले. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे, कुंझुम खिंड साडेचार हजारांवर, आणि त्यानंतर त्याच दिवशी काझाला मुक्काम. याउलट सिमल्याहून किन्नौरमार्गे चढले, तर शरीर हळूहळू सरावते आणि स्पितीच्या आत शिरताना ताबो आधी लागते, तेही तुलनेने कमी उंचीवर. आपल्याकडील अनेक सहलींचा क्रम उलटा असतो: पहिल्या दोन दिवसांत की, किब्बर, लांग्झा आणि कोमिक ही उंचावरची गावे, मग डोके ठणकत असताना परतीच्या वाटेवर ताबो. अशा माणसाला सुधनाची कथा कोण सांगणार आणि तो ती का ऐकणार? ताबोत रात्रीच्या मुक्कामाची अट घातली, तर गर्दी आपोआप विभागली जाईल आणि पैसाही गावातच राहील.

कातळकडा

एक प्रश्न: स्पितीतल्या ग्यू गावच्या ममीबद्दल कोणीच का बोलत नाही? १९७५ च्या भूकंपानंतर उघड झालेला तो बसलेल्या भिक्षूचा देह आता काचेआड आहे आणि लोक त्याच्याशेजारी स्वतःचे छायाचित्र काढतात. भिंतीवरच्या चित्रांपेक्षा त्या देहाबद्दल आधी नियम हवा.

पायवाट (धागाकर्ता)

कातळकडा, प्रश्न रास्त आहे, पण ती मर्यादा संख्येची नसून वागणुकीची आहे, म्हणून तिच्यासाठी वेगळा धागा काढावा.

देवराई, स्थानिक उपासकाला रांगेत धरायचे नाही, हे मी लिहायला हवेच असे मला वाटले नव्हते; नियम तिकीट काढून येणाऱ्यासाठीच आहे. आणि बाहेरच्यांनी ठरवू नये, हे तत्त्व मला मान्य असले तरी स्पितीच्या लोकांना मर्यादा घालणे परके नाही. २०२० च्या साथीच्या काळात त्यांनी स्वतःच पर्यटकांना खोऱ्यात येऊ द्यायचे नाही असे ठरवले होते, आणि त्यासाठी हंगामाच्या उत्पन्नावर पाणी सोडले होते. धाकट्या भावाचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूने बोलतो: अर्ध्या तासात निघून जाणाऱ्या गाडीतून त्याला काय मिळते? सक्तीचा मार्गदर्शक म्हणजे त्याचीच नोकरी.

देवराई

२०२० चा निर्णय गावकऱ्यांनी आजाराच्या भीतीने आणि स्वतःच्या सभेत घेतला होता. तो नियम वरून लादलेला नव्हता. हा फरक मी सोडणार नाही. ताबो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत आहे, तेव्हा एकदा संख्या ठरली की ती कागदावर येईल आणि मग तिचे मालक लामा राहतील की कार्यालय, हे आधी सांगा.

मुक्कामाच्या अटीलाही माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण पाणी. स्पितीची जुनी शौचालये कोरडी असतात. त्यांतले खत शेतात जाते आणि पाण्याचा थेंबही लागत नाही. आपल्या पर्यटकाला मात्र फ्लश आणि गरम पाण्याची आंघोळ हवी असते, तीही शेताला वितळत्या बर्फाचे पाणी कुल्यांमधून (पाटांमधून) पाळीपाळीने सोडावे लागते अशा गावात. मुक्काम वाढवायचा असेल तर अट पर्यटकाला घाला: कोरडे शौचालय आणि बादलीभर पाणी मान्य असेल त्यानेच रात्री राहावे.

उत्तरायण

ही अट मला मान्य आहे. तिच्यासोबत आणखी एक जोडा: सहल आयोजकाने आरक्षणाच्या वेळीच ती लेखी सांगावी, काझाला पोहोचल्यावर नव्हे. दुखांगातली संख्या गोंपाच्या लामांनी ठरवावी आणि ती ऋतूनुसार बदलावी. पावसाच्या दिवशी दार बंद ठेवायचे असले, तर त्याबद्दल कोणीही परताव्याची मागणी करू नये.

देवराई

परताव्याचे कलम आयोजक मान्य करणार नाहीत. बाकी मजकूर स्पितीतल्या कोणी वाचून दुरुस्त करेपर्यंत मी माझे मत राखून ठेवतो.