‘लाइन’ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतराच्या कामात ‘लाइन’ दर दोन पानांनी आडवी येते. कोशात रेघ, रेषा, ओळ, रांग, दोरी असं सगळंच दिलंय. कुठे काय वापरता?

▪ मराठीने वाटणी आधीच करून ठेवलीय की. पाटीवर ओढली ती रेघ, भूमितीत आणि तळहातावर रेषा, कवितेची ओळ, रेशन दुकानापुढे रांग. दोरी हा अर्थ मात्र लांबचा समजू नका, तोच जुना. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनुम’ म्हणत, त्याच्या धाग्याची ती ‘लिनिआ’. लिननचं कापड आणि रंगात घालतात ते लिनसीड तेलही त्याच घरातलं.

▪ कोशातलं ठीक आहे, पण आमच्या विदर्भात लाइन म्हणजे वीज! पुण्यामुंबईकडे ‘लाइट गेली’, इकडे ‘लाइन गेली’. थ्री फेज रात्री मिळणार म्हणून शेतकरी विहिरीवर थांबतो आणि घरी फोन करतो, ‘लाइन आली, मोटर चालू केली, तुम्ही जेवून घ्या.’ इथे ‘वीजपुरवठा सुरू झाला’ लिहिलंत, तर तो बिचारा महावितरणचं पत्रक वाचतोय असं वाटेल.

▪ मुंबईत सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. शिवाय कामधंद्यालाही लाइनच म्हणतात. त्यामुळे स्थळ बघताना ‘मुलगा कुठल्या लाइनला?’ विचारलं की ‘डोंबिवली’ हेही उत्तर बरोबर आणि ‘औषधांच्या’ हेही.

मरीन लाइन्स स्टेशनचा मात्र रुळांशी संबंध नाही. तिथे इंग्रजांच्या मरीन बटालियनची वसाहत होती, तिच्या लाइन्स म्हणजे बराकी. पोलिस लाइन, नागपूरचं सिव्हिल लाइन्स, तीच जातकुळी. ही नावं आहेत, यांचं भाषांतर करू नये.

▪ लिंगाबद्दल कुणी बोललंच नाही. ती लाइन. रेघ, ओळ, रांग सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून हीही त्यांच्यात बसली असावी. ‘लायनीत उभा राहा’, ‘दोन लायनी लिहून दे’ असं बिनदिक्कत चालतं. अशा शब्दाला परका म्हणून हाकलण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आणि कॉलेजची लाइन राहिलीच! मारणारा एकटाही मारू शकतो, पण ‘तिने लाइन दिली’ म्हणजे तिकडूनही होकार. मारणे आणि देणे यांतला हा फरक कुठल्याही कोशात असायला हवा. ‘लायनीवर आणणे’ वेगळं, त्यात प्रेमाचा लवलेश नसतो.

▪ क्रिकेटच्या ‘लाइन-लेंग्थ’ला दिशा आणि टप्पा. डेडलाइनला मुदत. यांत भांडण नाही.

▪ सगळ्यांचे आभार. अडलंय ते ‘लाइन मॅनेजर’पाशी. आधीच्या भाषांतरकाराने ‘रेषा व्यवस्थापक’ केलंय.

▪ अरे देवा. ‘थेट वरिष्ठ’ लिहा.

▪ किंवा नुसतं ‘साहेब’. कचेरीत कुणीही समजेल.