शर्म अल-शेखला जाऊन बघायचं काय?

रेवा: इजिप्तमधल्या, लाल समुद्राकाठच्या शर्म अल-शेखबद्दल परवाच्या धाग्यात दिगंबरदादांनी लिहिलं, "शर्म अल-शेख म्हणजे वाळवंटात बांधलेली हॉटेलं. पैसे वाया घालवू नका, तारकर्लीला जा." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

जानेवारीत आम्ही पाच दिवस तिथे होतो. पाण्यात उतरायला लांब धक्का, टोकाला शिडी. शिडी सोडून तोंड पाण्यात घातलं, तर प्रवाळाची भिंत सरळ खाली निळ्यात गेलेली. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्याची कटकट कानाला ऐकू येते! पाऊस नावालाच, नदी नाही, त्यामुळे गाळ नाही. वाळवंट आहे म्हणूनच पाणी इतकं नितळ आहे, दादा.

दिगंबर: मी जाऊन आलोय, ऐकीव लिहिलेलं नाही. मनगटाला पट्टी, तीन वेळा बुफे. आठवडाभरात वेटर सोडून एका इजिप्शियन माणसाशी बोललो नाही. समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि हिरवळीवर ओतायचं, हे मला बघवलं नाही.

रेवा: मग गेटबाहेर पडायचं होतं! सेंट कॅथरीनचा मठ सहाव्या शतकातला आहे. २२८५ मीटरचा जेबेल मुसा आम्ही रात्री चढलो, वर कडाक्याची थंडी. आमचा बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीतला, वाटाड्या वाटेत चहा पाजत होता. शर्मजवळचं रास मुहम्मद, तिथला समुद्र आणि प्रवाळ धरून, तर १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे.

देवबागकर: उद्यानाचं सांगू नका. तिथेच आमच्या बोटीवरचा एकजण फोटोसाठी प्रवाळावर उभा राहिला. गाईड गप्प.

रेवा: आणि मालवणात? तिथे तर मला "ताई, दगडावर पाय टेका" म्हणाले. तो दगड नव्हता, प्रवाळ होतं!

देवबागकर: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझा भाऊ स्नॉर्केलिंगला नेतो. पाय टेकलात तर पाण्याबाहेर काढतो, पैसे परत देऊन.

पाणबुडा: मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. प्रवाळाचा गोटा वर्षाला काही मिलिमीटर वाढतो, मोडायला एक टाच पुरते. दोन्हीकडे तेच.

देवबागकर: तुम्ही शहरातून येऊन आम्हाला शिकवणार? लाटांवर आमची घरं चालतात!

पाणबुडा: प्रवाळ मेल्यावर कशावर चालणार?

देवबागकर: ...पाय टेकू देणारे आमच्यात आहेत. हे मान्य. तुमचा सूर मान्य नाही.

दिगंबर: रेवा, डोंगर माझा राहिला, खरंय. हिरवळीबद्दल मात्र शब्द मागे घेणार नाही.