बंदुकीचा घटनात्मक हक्क आजही हवा का?

काजूबाग, दोडामार्ग
बाबांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. लोंबीत दाणा भरला की रात्री डुकरं उतरतात, काजूला बोंडू धरला की वांदर. परवान्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करणं, हे मी लहानपणापासून बघतोय. अमेरिकेतला मावसभाऊ परवा म्हणाला, "तुमच्याकडे सरकारची मेहेरबानी, आमच्याकडे हक्क." ते डोक्यातून जाईना.

बंदूक बाळगायचा हक्क देणारी त्यांची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, आणि तिची सुरुवातच शिस्तबद्ध नागरी सैन्याच्या उल्लेखाने होते. तेव्हाच्या बंदुकाही ठासणीच्याच. दारू ओता, चिंधी कोंबा, छर्रे टाका, पुन्हा चिंधी, गजाने ठासा. पहिला बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर पऱ्ह्यापलीकडे (ओढ्यापलीकडे). असं हत्यार समोर असताना लिहिलेला हक्क तीस गोळ्यांच्या मॅगझिनला कसा लावायचा? मला तो कालबाह्य वाटतो. तुमचं मत?

रत्नागिरी_वकील
भाऊ, बंदूक बदलली हा मुद्दा तिथल्या कोर्टात टिकला नाही. २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हक्क व्यक्तीचा आहे, घरात स्वसंरक्षणासाठी आहे, आणि तो अठराव्या शतकातल्या शस्त्रांपुरता नाही. मात्र गुन्हेगारांवरची बंदी, शाळांमध्ये बंदूक नेण्यावरची बंदी याला त्याच निकालाने हात लावला नाही. दुरुस्ती काढायची तर ५० पैकी ३८ राज्यं राजी हवीत. ते नजीकच्या काळात होईलसं दिसत नाही.

मंडणगडची_लेक
हा प्रश्न आपल्या घटना समितीतही आला होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवान्याची सक्ती केली. तो सल मोठा होता, म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. डिसेंबर १९४८ मध्ये समितीचे सदस्य ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला: असा हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागेल. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यातलं, म्हणून हे वाचताना मला जास्तच भिडलं.

आमच्या वाडीत रात्री शिकारीला गेलेल्या पोराला झाडीत डुक्कर समजून गोळी लागली. बंदूक बिनपरवान्याची होती. त्याच्या आईला मी रोज बघते. मावसभावाला सांगा, कोणाच्या हातात काय आहे ते कुणीतरी तपासतंय, ही मला मेहेरबानी वाटत नाही.

रत्नागिरी_वकील
ताईंशी सहमत. काजूबाग, निवडणुकीत बंदूक सरसकट जमा करायची असं नसतं. कोणाची बंदूक जमा करायची ते बघणारी छाननी समिती जिल्ह्यात असते, तिच्याकडे शेतीचं कारण देऊन अर्ज करा.

काजूबाग, दोडामार्ग
ताई, वाचून हात थांबला. मावसभावाला तुमचं हे जसंच्या तसं पाठवतो. वकीलसाहेब, अर्जाला सातबारा जोडावा लागतो की नुकसानीचा पंचनामाही? गेल्या हंगामातला आहे माझ्याकडे.