बीटाच्या पच्चडीत दही का फाटतं?

दही फाटून पच्चडीला पाणी सुटलं म्हणताय, ते गॅस चालू असताना घातल्यामुळे. केरळात ओणमच्या सद्येत, म्हणजे केळीच्या पानावरच्या सणाच्या जेवणात, ही दही-खोबऱ्याची पच्चडी असते. बीट किसून जेमतेम पाण्यात मीठ घालून शिजवायचं. ओलं खोबरं नि हिरवी मिरची गंधासारखी वाटायची आणि अर्धा चमचा मोहरी अगदी शेवटी घालून एकदाच फिरवायची. मोहरी फार वाटली तर कडवटपणा येतो, आणि तो मग जात नाही. वाटणाला बिटात एक वाफ आणून गॅस बंद. भांडं हाताला कोमट लागलं की मगच घोटलेलं, कमी आंबट दही घाला; लालभडक बीट डोळ्यांदेखत गुलाबी होतं! फोडणी मोहरी, सुकी मिरची, कढीपत्त्याची. तेल मात्र खोबरेलच हवं, त्याशिवाय ती चव नाहीच.