मदत हवी आहे : पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जुने टेबल दुसऱ्या डिस्कवर हलवायचेत

नमस्कार मंडळी, मी बेळगावात असतो, निपाणीकडच्या एका साखर कारखान्याचा डेटाबेस बघतो. काट्यावरच्या वजन पावत्यांचं टेबल हंगामानुसार पार्टिशन केलंय (म्हणजे दर हंगामाचा वेगळा तुकडा), सगळं एकाच एसएसडीवर आणि ती आता भरत आलीय, म्हणून जुने हंगाम साध्या हार्डडिस्कवर टाकावेत म्हणून तिथं नवीन टेबलस्पेस (डेटा फाईली ठेवायची जागा) बनवली आणि मुख्य टेबलावर सेट टेबलस्पेस ही हलवायची कमांड चालवली, तर कमांड लगेच संपली पण एक फाईल हलली नाही! मग कळलं की मुख्य टेबल म्हणजे नुसती व्याख्या, त्याची सेटिंग फक्त पुढं बनणाऱ्या पार्टिशनला लागते. आता उलट नवे हंगामच हार्डडिस्कवर जाणार, म्हणून ते आधी परत बदललं.

मग एक पार्टिशन वेगळं हलवलं, ते गेलं, पण त्याचे इंडेक्स (शोधायच्या सूची) एसएसडीवरच राहिले, आणि हलेपर्यंत त्या पार्टिशनवर पूर्ण लॉक, त्याला हात लावणारी प्रत्येक क्वेरी अडकलेली. काट्यावर पावती निघेना, बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर थांबलेले, शेतकरी पहाटेपासून रांगेत, मलाच कसंतरी झालं. गळीत चालू असताना रात्री पण काटा बंद नसतो हो.

पीजी रिपॅक म्हणून टेबल जास्त वेळ लॉक न करता नव्यानं लिहिणारं टूल आहे, त्याला टेबलस्पेसचा पर्याय आहे, तो चालू काट्यावर कुणी वापरलाय का? आणि स्टँडबायवर (कॉपी ठेवणाऱ्या राखीव सर्व्हरवर) पण टेबलस्पेसचा तोच फोल्डर त्याच जागी आधी बनवून ठेवायला लागतो ना? कुणी केलं असेल तर सांगा, लई उपकार होतील.