मदत हवी आहे: जोडीदार गेल्यापासून आमची कुत्री चिमणी नीट जेवत नाही

आमचा दुसरा कुत्रा मोत्या, वय १३, मूत्रपिंडं निकामी होऊन ९ दिवसांपूर्वी गेला. आम्ही सगळे अजून रडतोच आहोत, पण प्रश्न चिमणीचा आहे. ती ६ वर्षांची, पिल्लू असल्यापासून त्याच्याच अंगाला टेकून झोपलेली. शेवटचं इंजेक्शन दवाखान्यात दिलं, त्यामुळे तिनं त्याला गेलेलं पाहिलंच नाही. याची मला फार टोचणी लागली आहे. आता ती दाराशी बसून राहते, रात्री घरभर वास घेत फिरते, खाणं निम्म्यावर आलंय.

डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. पाणी पिते, उलटी-जुलाब नाहीत. फिरायच्या, जेवायच्या वेळा बदललेल्या नाहीत. जेवण कोमट करून हातानं भरवलं, तर चार घास खाते. लगेच नवं पिल्लू आणायचं नाही, तो सल्ला कृपया नको.

अडलंय ते त्याच्या अंथरुणापाशी. ते अजून धुतलेलं नाही आणि ती त्यावरच झोपते. आई म्हणते, वास आहे तोवर ती वाट बघत राहणार, काढून टाक. मला वाटतं, तेवढाच तिला आधार आहे. ज्यांच्या दोन कुत्र्यांपैकी एक गेलं, त्यांनी अंथरूण ठेवलं की काढलं? आणि दुसऱ्याचं खाणं पूर्ववत व्हायला किती दिवस लागले?