व्हेंचर कॅपिटलला मराठीत काय म्हणायचं? साहस, जोखीम की वाटा

कृष्णाकाठ (सांगली) :
मंडळी, एक शब्द अडलाय. भाच्यानं गेल्या वर्षी कुपवाड एमआयडीसीत छोटी कंपनी काढली, उकडलेली हळद वाळवायचं यंत्र बनवतोय, आणि आता एका फंडाशी बोलणं चाललंय ज्यात सिडबीमार्फत (लहान उद्योगांसाठीची बँक) सरकारचाही पैसा आहे. घरच्यांना कळेल असं एक पान मराठीत लिहायचं काम माझ्याकडं आलंय. मी लिहिलं 'सरकारी बीजभांडवल', तर दाजींनी पहिलाच प्रश्न केला, हप्ता किती आणि जामीन कोण राहणार? आता हे व्हेंचर कॅपिटल, म्हणजे फंड पैसा घालतो आणि बदल्यात कंपनीच्या मालकीत वाटा घेतो, ह्या पैशाला हप्ताच नाही हे त्यांना सांगून पटंना. शब्दकोशात साहस भांडवल, साहस वित्त, उद्यम भांडवल असं मिळतंय पण घरात हे कोण बोलतं?

हळदपेठ :
दाजींचं काही चुकलं नाही, चूक शब्दाची आहे. आपल्याकडं बीजभांडवल म्हटलं की महामंडळाची योजना डोळ्यासमोर येते, थोडे पैसे आपले, मोठा वाटा बँकेचा आणि मधला भाग महामंडळाचा कमी व्याजानं. म्हणजे ते कर्जच, फेडायचंच. स्टार्टअपवाले सीड फंड म्हणतात ते वेगळं. 2021 मध्ये केंद्रानं 945 कोटींची सीड फंड योजना आणली त्यात तर दोन्ही प्रकार होते, कल्पना चालते का बघायला 20 लाखांपर्यंत अनुदान, आणि पुढं बाजारात उतरायला 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे (पुढं मालकीच्या वाट्यात बदलता येणारं कर्ज), तेही थेट नाही तर इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत. तेव्हा नुसतं बीजभांडवल लिहून भागत नाही, पैसा परत करायचा की मालकीत वाटा द्यायचा हे शेजारी लिहावंच लागतं.

आणि 'सरकारी' पण काढून टाका. 2016 ला स्टार्टअप इंडियाबरोबर 10,000 कोटींचा फंड ऑफ फंड्स जाहीर झाला, त्यातला पैसा सिडबी सेबीकडं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदलेल्या फंडांना देते, सरकार कंपनी निवडत नाही. निवडतो तो फंड, आणि त्याला सरकारकडून मिळालेल्या रकमेच्या निदान दुप्पट स्टार्टअपमध्ये घालावे लागतात. म्हणून 'सरकारच्या पाठबळाचं' म्हणणं बरोबर. इस्रायलनं 1993 ला 10 कोटी डॉलर घालून असाच प्रयोग केला, खाजगी भागीदारांना सरकारचा हिस्सा नंतर विकत घ्यायची मुभा ठेवली, त्याचं नाव योझ्मा, हिब्रूत अर्थ पुढाकार. त्यांनी नावात भांडवल हा शब्दच घातला नाही, मला ते फार आवडतं.

कृष्णाकाठ :
पाठबळ घेतला. पण मूळ शब्द? साहस भांडवल मला खटकतंय, धाडस तर पोरानं केलंय, नोकरी सोडली त्यानं.

हळदपेठ :
अगदी. म्हणून माझं मत जोखीम भांडवल. साहस धंदा करणाऱ्याचं, जोखीम पैसा घालणाऱ्याची, कंपनी बुडाली तर त्याचे गेले. शिवाय जोखीम ह्या शब्दाला जुना दुसरा अर्थ पण आहे, आमची आजी दागिन्यालाच जोखीम म्हणायची, "एवढी जोखीम घेऊन एसटीनं जाऊ नको". धोका आणि सोनं एकाच शब्दात.

सरकारनं हिस्सा घेणं तर आपल्याला नवं नाहीच. साखर कारखान्याच्या अहवालात सभासदांच्या भागभांडवलाशेजारी शासनाचं भागभांडवल छापलेलं असायचंच, 1954 च्या ग्रामीण पतपुरवठा पाहणीच्या अहवालानं सरकारनं सहकारात भागीदार व्हावं असं सांगितलं तिथपासून त्याला जोर आला. फरक एवढाच की तिथं सरकार स्वतः सभासदांच्या पंक्तीला बसायचं, इथं मध्ये फंड आहे. त्याच्याही आधी 1910 ला लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी निवडुंगाचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, ते पाठबळच की.

माणदेश :
मध्येच बोलतो, आमच्या आटपाडीकडं ह्याला शब्द आहे, अर्धलीनं. एकानं शेळी द्यायची, दुसऱ्यानं वाढवायची, विकली की पैसे वाटून घ्यायचे, मेली तर दोघांचं नशीब, हप्ता नाही जामीन नाही. जमीन वाट्यानं देतात त्यापेक्षा हे जवळचं, कारण तिथं दर सुगीला वाटा येतो, इथं विकल्याशिवाय दमडी दिसत नाही, आणि फंडालाही कंपनीतला हिस्सा विकल्यावरच पैसे मिळतात. फक्त वाटा निम्मा नसतो एवढं समजावून सांगा.

कृष्णाकाठ :
काल रात्री दाजींना अर्धलीची गोष्ट सांगितली. गप्प बसले थोडा वेळ, मग विचारलं, "मग विकायचं कधी हे कोण ठरवणार, आपण का ते?" करारात नेमकं तेच कलम बघायला भाचा आज पुण्याला वकिलांकडं गेलाय. पानावर मी 'सरकारच्या पाठबळाचं जोखीम भांडवल' लिहिलंय आणि खाली कंसात अर्धलीनं. आता एक्झिटला, म्हणजे फंडानं हिस्सा विकून बाहेर पडण्याला, शब्द सुचवा, 'अंग काढून घेणं' नको, ते भांडणातलं वाटतं.